तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा-बायकोचे कागद मी का घेत नाही

बेळगावात कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात माझं टेबल आहे. वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, शाळेचे दाखले, जुने उतारे, जे मराठीत असेल त्याचं इंग्रजी मी करून देते. खालच्या कोर्टात कन्नड तरी चालतं, हायकोर्टाच्या धारवाडच्या खंडपीठात जायचं तर इंग्रजीच लागतं. ते का आणि कसं, हे तुम्हाला सांगायला नको.

मग घटस्फोटाचे, पोटगीचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे कागद तेवढे का घेत नाही, असं सगळे विचारतात. ज्युनिअर वकील विचारतात, दुकानातला मुलगा विचारतो. गेल्या महिन्यात निपाणीहून आलेल्या एक बाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझेच कागद तेवढे जड झाले होय ओ तुम्हाला?" त्यांना मी नीट उत्तर दिलं नाही. "शेजारी विचारा" म्हटलं. ते मनात राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

पैसे कमी मिळतात म्हणून नाही. त्या कागदांची शिसारी येते म्हणूनही नाही. जमिनीच्या वाटणीत भाऊ भावाला जे लिहितो ते वाचलंत तर नवरा-बायकोची पत्रं सोज्वळ वाटतील. इंग्रजी कमी पडतं असं कुणी म्हणत असेल तर तीस वर्षांच्या फायली काढून दाखवते. कारण आहे ते 'अफेअर' या शब्दाचं.

आपल्याकडं हा शब्द कसा वापरतात, आठवून बघा. "त्यांचं कॉलेजात अफेअर होतं, मग लग्न केलं." हे आपण बारशाला, डोहाळजेवणाला, सासूच्या देखत सांगतो. माझ्याबद्दलही असंच सांगत. हे वडगावचे, विणकरांच्या घरातले, आणि मी शाहपूरची. आर.पी.डी. कॉलेजमध्ये ओळख झाली. दोन वर्षं चोरून बोललो, म्हणजे फक्त बोललोच, आणि मग दोन्ही घरांत सांगितलं. "आमचं अफेअर होतं" हे मी स्वतः कितीतरी वेळा कौतुकानं सांगितलंय. इंग्रजी मुलखात मात्र माणसांबद्दल हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतो तो लग्न झालेल्याचा लपवलेला संबंध. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पण हाताला सवय होती ती आपल्या अर्थाची.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पावसाळ्याचे दिवस होते. एका वकिलांच्या कारकुनानं एक पत्र आणून दिलं. वहीचं फाडलेलं पान होतं, डाव्या कडेला पिनांची दोन भोकं, घडीवर शाई उतरलेली. वर तारीख नाही, नुसतं 'मंगळवार'. खाली नाव नाही. खानापूर तालुक्यातली एक मुलगी, लग्न होऊन पाच वर्षं झालेली, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत. तिच्या ट्रंकेत साड्यांखाली नवऱ्याला ते सापडलं होतं. पत्र सहा ओळींचं. त्यातल्या तीन ओळी मला पाठ आहेत: "आपलं प्रकरण घरात कळलंय. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. तू तिकडं नीट रहा."

'आपलं प्रकरण'. मी लिहिलं, 'अवर अफेअर'. वीस मिनिटांत सगळं पान झालं. खाली 'ट्रू अँड करेक्ट ट्रान्स्लेशन' असा शिक्का, त्यावर सही. कारकून छत्री मिटेपर्यंत कागद तयार होता, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

आजही मी स्वतःशी भांडते तेव्हा ती त्या वेळची मी ठामपणे विचारते, मग काय लिहायचं होतं? प्रकरण म्हणजे कर्ज प्रकरण, जमीन प्रकरण, पुस्तकातलं तिसरं प्रकरण, आणि दोघांचं प्रकरण. अफेअरचंही तसंच: परराष्ट्र व्यवहार खात्याच्या इंग्रजी नावात तोच शब्द बसलाय. दोन्ही शब्द कामकाजातून निघून माणसांच्या भानगडीपर्यंत पोचलेले. इतकी सारखी जोडी भाषांतर करणाऱ्याला क्वचित मिळते. तिच्या या म्हणण्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

पुढं काही महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी कोर्टात गेले होते. बाहेर व्हरांड्यात उभी असताना शिपाई आला, "बर्री मॅडम, दोन मिनिटं." आत ही केस चालू होती. असल्या केसेस बंद दाराआड चालतात. मुलीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, न्यायाधीश साहेब बंगळूरकडचे, आणि दुभाष्या आलेला नव्हता. दोन्ही वकील मला ओळखत होते, त्यांनी मान डोलावली. मी शपथ घेतली. समोर ती उभी होती. हिरव्या साडीचा पदर पुढं ओढून घेतलेला, उजव्या हाताची बोटं कठड्याच्या लाकडावर एक चीर होती तिच्यात घालत-काढत होती. पत्राची मुलगी हीच, हे मला नाव पुकारल्यावर कळलं.

नवऱ्याच्या वकिलांनी पत्र दाखवलं, ते तिनं ओळखलं. मग त्यांनी माझ्यासाठी न थांबता सरळ मराठीत विचारलं, "म्हणजे तुमचं अफेअर होतं?"

ती म्हणाली, "होय, होतं."

कुठलीही लपवाछपवी नव्हती तिच्या आवाजात. माझ्या बहिणीनं सांगितलं असतं तसं सांगितलं. मला भाषांतर करायचं होतं ते फक्त 'होय'चं. बाकीचा शब्द आधीच इंग्रजी होता. मी 'यस' म्हटलं. टायपिस्टनं पूर्ण वाक्य इंग्रजीत उतरवलं: माझं अफेअर होतं हे खरं आहे. ती "पण ते..." म्हणाली, वकील म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा." तिनं माझ्याकडं बघितलं. साहेबांकडं नाही, स्वतःच्या वकिलांकडंही नाही, माझ्याकडं. आपली भाषा कळणारी खोलीतली बाई मीच होते.

मी गप्प राहिले.

दुभाष्यानं स्वतःचं काही घालायचं नसतं, तशी शपथच असते. हे उत्तर मी वर्षानुवर्षं स्वतःला दिलं आणि ते खोटं नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात शपथ नव्हती. माझ्या सहीचं पान फायलीत होतं. या बाईच्या बोलण्यात आणि इंग्रजीत या शब्दाचे अर्थ वेगळे आहेत, असं मी उठून सांगितलं असतं, तर 'ट्रू अँड करेक्ट' म्हणून शिक्का मारलेलं माझंच पान चुकीचं ठरलं असतं. म्हणून मी गप्प बसले. हे मी आजवर घरातही सांगितलेलं नाही.

नंतर तिच्या वकिलांनी विचारलं, हे लग्नाआधीचं की नंतरचं. ती म्हणाली, आधीचं, बारावीतलं. तेही नोंदवलं गेलं. पण पत्राला तारीख नव्हती, आणि एकदा कबूल करून मग सावरल्यासारखं ते दिसायला लागलं होतं.

नवऱ्याच्या वकिलांनी मला पुढं समजावलं, "मॅडम, तुमच्या शब्दानं काही बिघडलं नाही." कायद्याच्या हिशोबानं ते बरोबर होतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 13, घटस्फोट कशावरून मागता येतो ते सांगणारं, मी घरी जाऊन वाचलं. 1976 च्या दुरुस्तीपासून त्यात अफेअर-बिफेअर काही नाही. लग्नानंतर जोडीदाराखेरीज दुसऱ्या कुणाशी स्वेच्छेनं शरीरसंबंध, असं स्वच्छ लिहिलंय. एका बिनतारखेच्या पत्रानं ते सिद्ध होत नाही. निकालापर्यंत गेलंही नाही, दोघांनी मिळून अर्ज दिला आणि मोकळे झाले. पण तिनं पोटगी फार थोडी घेतली. तिच्या माहेरी कलम 13 पोचलं नव्हतं. 'कोर्टात कबूल केलंस' एवढंच पोचलं होतं, आणि ज्या भावाच्या जिवावर ती लढत होती त्यानं तेवढ्यावर तारखांना यायचं बंद केलं. हे मला तिच्याच वकिलांनी खडेबाजारात भेटल्यावर सांगितलं. ते सहज बोलत होते. मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली नाही, घट्ट धरून उभी राहिले.

त्यानंतरही दोन वर्षं मी हे कागद घेत होते. एकदम सोडलं असं नाही. पण प्रत्येक पानावर अडायला लागले. 'त्यानं मला प्रपोज केलं' असं जबाबात आलं की हात थांबायचा. आपल्या पोरी प्रपोज म्हणतात ते 'तू मला आवडतेस' असं सांगण्याला. इंग्रजीत त्याचा अर्थ लग्नाची मागणी. आता तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 69 लागू आहे. पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आता सांगा, त्या एका क्रियापदाचं मी काय करायचं? आपल्या अर्थानं लिहिलं तर खरोखर फसवली गेलेली मुलगी उघडी पडते, त्यांच्या अर्थानं लिहिलं तर एखादा पोरगा न दिलेल्या वचनासाठी आत जातो.

माझी पुतणी पुण्यात शिकते. ती म्हणते, "काकू, आता अफेअर कुणी म्हणत नाही गं, रिलेशन म्हणतात." बरं. पण आमच्या टेबलावर 'रिलेशन' म्हणजे आधी पाव्हणे. 'रिलेशनमध्ये आहेत' म्हणजे प्रेम. 'रिलेशन ठेवले' म्हणजे शरीर. नुसती मागची क्रिया बदलली की माणसं नात्यातून खाटेवर जातात. आणि मराठीचा 'संबंध' तरी काय कमी? संबंध जुळवणं म्हणजे सोयरीक, कन्नडमध्येही तेच. आणि पेपरात संबंध आला की त्याआधी 'अनैतिक' असतोच. मग ती म्हणते, पार्टनर म्हण. पार्टनर हा शब्द इंग्रजीत वारसाहक्कातून आलाय, हिस्सेदारासाठीच्या 'पार्सनर'पासून. एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांत ज्या सहहिस्सेदाराला आपण कोपार्सनर म्हणतो, तो त्याचा जवळचा भाऊ. उद्यमबागेत पार्टनर म्हणजे अजूनही कारखान्यातला भागीदार.

इंग्रजीवाल्यांचं तरी कुठं एका जागी ठरलंय? दोनशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कादंबऱ्यांत 'मेकिंग लव्ह' म्हणजे गोड बोलून मन वळवणं, प्रेमाराधन. आज तेच शब्द कुणाच्या जबाबात लिहिले तर काय होईल?

2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायकांबद्दल कोर्टात कोणते शब्द वापरू नयेत याची एक हस्तपुस्तिका काढली. पुतणीनं मला ती फोनवर दाखवली. शब्दांच्या यादीत 'अफेअर' होता! मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कुणाला तरी कळलं होतं. मग शेजारच्या रकान्यात बघितलं, त्याऐवजी काय लिहायचं ते: 'रिलेशनशिप आउटसाइड ऑफ मॅरेज'. म्हणजे लग्नाबाहेरचा संबंध. त्या खानापूरच्या मुलीचं तर तेव्हा, बारावीत असताना, लग्नच झालेलं नव्हतं. बाहेर म्हणायला आत काही नव्हतं. ती पुस्तिका चांगली आहे, हवीच होती, आणि माझ्या पानाला तिचा उपयोग नाही. मी परत खाली बसले.

मी कागद नाकारते म्हणून काही सुधारतं का? नाही. निपाणीच्या बाईंचे कागद शेजारच्या टेबलावरच्या मुलानं फोनमध्ये फोटो काढून करून दिले. पाच मिनिटं लागली. मी मुद्दाम जाऊन बघितलं. त्यांच्या नवऱ्यानं कुणाला तरी 'मैत्रीण' लिहिलं होतं, ते 'गर्लफ्रेंड' झालं होतं. ते बरोबर होतं की चूक, हे त्या नवऱ्यालाच ठाऊक. मी त्या मुलाला सांगितलं, हा शब्द बाईंना विचारून घे. त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "तेच लिहा." मला वाटतं माझ्या टेबलावर आल्या असत्या तर मी त्यांना आणखी चार प्रश्न विचारले असते. आणि मग वाटतं, ते चार प्रश्न त्यांच्यासाठी असते की त्या खानापूरच्या मुलीसाठी, कोण जाणे.

पत्राची झेरॉक्स माझ्या खणात आहे. ठेवायला नको होती, पण आहे. 'प्रकरण'खाली पेन्सिलीची रेघ, आणि समासात वेळोवेळी लिहून खोडलेले शब्द: मॅटर, लव्ह, फ्रेंडशिप, स्टोरी. मधे एकदा 'अवर थिंग' लिहिलं होतं, तेही खोडलंय. परवा सुचलं की शब्दच नको, 'घरात आपलं कळलंय' एवढंच इंग्रजीत नेता येतं का बघावं. मराठीत ते चालतं. इंग्रजीत 'दे नो अबाउट अस' असं होतं. हे बरं वाटतंय. अजून खोडलेलं नाही.