प्रश्न उद्भवत नाही

झड लागली होती. आमच्याकडे झड लागली की डवरे पडवीत उभे राहतात, बैल गोठ्यात आणि माणसं टीव्हीपुढे. वावरात पाय टाकला तर काळी माती चप्पल ठेवून घेते, फवारा मारावा तर औषध धुऊन जातं. अशा दुपारी, भज्यांचं पीठ भिजायला अजून अवकाश असतो तेव्हा, मी संसद टीव्ही लावतो. पावसाळी अधिवेशन आणि आमची झड एकाच हंगामातली, त्याला माझा इलाज नाही. घरच्यांना हे व्यसन ठाऊक आहे. बायको दारातून डोकावते, "झोपले काय ते लोकं?" विचारते आणि निघून जाते.

संसद म्हटली की लोकांना फलक, घोषणा आणि 'कामकाज दोन वाजेपर्यंत तहकूब' आठवतं. मला त्यातलं काही नको असतं. तावातावाचं भाषण सुरू झालं की मी आवाज बंद करतो. मला आवडतं ते कोरडं. प्रश्नोत्तराचा तास संपला की कागदपत्रं सभापटलावर ठेवतात ना, ते. एकेक राज्यमंत्री उठतो, माझ्या नावापुढे दाखवलेले कागद पटलावर ठेवतो असं म्हणतो आणि बसतो. कुठल्याशा महामंडळाचा वार्षिक अहवाल, तपासलेले हिशेब, आणि अहवाल ठेवायला उशीर झाला असेल तर त्या उशिराची कारणं सांगणारं वेगळं निवेदन. उशिराचाही कागद! मंत्री जागेवर नसला तर संसदीय कार्य राज्यमंत्री उभे राहून त्याच्या वतीने कागद ठेवून टाकतात. कोणी टाळी वाजवत नाही, कोणी ओरडत नाही. वर्तमानपत्रात ओळ येत नाही. पण देश चालतो तो बराचसा असा, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. पैज घ्यायला मात्र कोणी येत नाही.

ही खोड आबाजींची, म्हणजे आमच्या आजोबांची. त्यांच्याकडे कातडी कव्हरचा ट्रान्झिस्टर होता. कव्हराच्या भोकांत धूळ बसून बसून ती बुजलेली, त्यामुळे निवेदक कायम सर्दी झाल्यासारखा बोलायचा. सेल उतरले की आबाजी ते दिवसभर कवेलूंवर उन्हात ठेवत आणि रात्री त्यावर संसद समीक्षा ऐकत. बाज अंगणात, कंदील पायथ्याशी, आणि आम्हा पोरांना त्या वेळात खोकायचीही मुभा नाही. शिक्षण चौथी पास, पण पुरवणी मागण्या म्हणजे काय हे त्यांना कळायचं. आम्हाला कळायची फक्त शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी, मालकी विलायती कंपनीची, वेग बैलबंडीला लाजवणारा नव्हे, बैलबंडीला धीर देणारा. रेल्वेवरची चर्चा सुरू झाली की आबाजी हात वर करत, आता आपल्या शकुंतलेचं नाव निघंल म्हणून. बहुतेक वेळा निघायचं नाही. मग ते हात खाली घेत आणि तंबाखू मळायला लागत. आता रुळांवर बाभळी आल्या आहेत.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला मोर्चात गेलेला कोणी नातलग एकदा तारांकित प्रश्नांची छापील यादी घेऊन आला. विधानसभेची होती, पण आबाजींना दिल्ली काय नि नागपूर काय, सभागृह ते सभागृह. ती यादी त्यांनी पोथीसारखी वाचली. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यानंतर घरात साधं बोलणं बंदच झालं.

"साखर आणली काय हो?" आजी चुलीपासून विचारायची.

"एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही."

"उद्भवत नाही म्हंजे? मंग चहा कायचा करू?"

"गुळाचा. अन् पूरक प्रश्नाची येळ संपली."

आजीने एकदा सभात्याग केला आणि दोन घरं पलीकडे बहिणीकडे जाऊन बसली. त्या संध्याकाळी गुळाचाही चहा झाला नाही.

शुक्रवारची दुपार मला सगळ्यात आवडते. अधिवेशनात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाला राखलेले असतात. म्हणजे जो मंत्री नाही असा कुठलाही खासदार आपलं विधेयक मांडू शकतो. निम्मे लोक तोवर विमानतळाच्या वाटेवर. बाकं रिकामी, आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून एक माणूस चष्मा सावरत, कागद उलटत, आपल्या विधेयकाचे उद्देश सांगत असतो. आजवर अशी 14 विधेयकं कायदा झाली. त्यातलं शेवटचं 1970 साली. त्यानंतर एकही नाही. तरी दर अधिवेशनात ढिगाने विधेयकं येतात, बरीचशी चर्चेलाही येत नाहीत, लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची सगळी बाद होतात, आणि नव्या लोकसभेत कोणीतरी तेच पुन्हा मांडतं. दुबार पेरणी करणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का, की मागचं बी उगवलं नाही तरी पुन्हा कशाला? चर्चा झालीच तर शेवटी मंत्री उठून म्हणतात, सदस्यांच्या भावनांचा आदर आहे, त्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य थोडे आढेवेढे घेतो आणि मागे घेतो. पण तेही सभागृहाची परवानगी घेऊन! स्वतःचीच वस्तू परत न्यायची तर त्या रिकाम्या बाकांना विचारून.

गणपूर्तीचं म्हणाल तर एक दशांश सदस्य हवेत. लोकसभेत 55. नसले तर घंटा वाजवायची. पण तसे नाहीत हे कोणी उठून दाखवून दिलं तर. कोणी बोललंच नाही तर सगळं सुरळीत. यात मी दिल्लीला नावं ठेवणार नाही, कारण मी आमच्या ग्रामसभा पाहिल्या आहेत. माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे ज्याने कोणी नियमात घातलं तो नक्की आमच्याकडचा असणार. शिपाई रजिस्टर घेऊन पारावर येतो, "सही मारा भाऊ" म्हणतो, आणि सही मारणारे मारतात. आबाजी मात्र मारत नसत. सभेला जाऊन बसत, एकटेच, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा म्हणत. ग्रामसेवक त्यांना पाहिलं की चष्मा पुसायला घ्यायचा.

लोकसभेत रोजचे तारांकित प्रश्न 20. त्यांना तोंडी उत्तर मिळतं, तेही वेळ पुरला तर. पहिल्या पाच-सहांतच बारा वाजतात. अतारांकित 230 पर्यंत. त्यांना लेखी उत्तर. हे लेखी उत्तरांचे कागद आता मोबाइलवर दिसतात आणि मी ते वाचतो. डॉक्टर काहीही म्हणोत. (अ) ते (ड) चार पोटप्रश्न विचारलेले असतात आणि खाली उत्तर: विवरण सोबत जोडलं आहे. किंवा: माहिती गोळा केली जात आहे व सभापटलावर ठेवली जाईल. हे दुसरं उत्तर वाटतं तितकं पोकळ नाही. असं मंत्र्याने म्हटलं की ते आश्वासन धरतात, वहीत चढतं, आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. नाहीतर मुदत वाढवून मागावी लागते. त्यावर नजर ठेवायला लोकसभेत 1953 पासून एक समितीच आहे. कुठली वाक्यं आश्वासन म्हणून धरायची याची तिच्याकडे ठरलेली यादी आहे. 'बाब विचाराधीन आहे', 'चौकशी करत आहोत', 'मी यात लक्ष घालतो', असली. आबाजींना ही यादी मिळाली असती तर आमचं घर चाललंच नसतं.

त्या झडीत मी असंच एक उत्तर वाचत होतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचं. हा प्रश्न जवळपास प्रत्येक अधिवेशनात कोणी ना कोणी विचारतोच. उत्तराची चाल ठरलेली: गुन्हे नोंद विभागाचा अहवाल, मग राज्यनिहाय तक्ता, मग शेती हा राज्यांचा विषय असल्याची आठवण, मग योजनांची नावं. महाराष्ट्राच्या ओळीवर बोट ठेवून मी आडवा गेलो. आकडा, आकडा, आकडा. त्यातल्या एका वर्षात आमच्या मागच्या गल्लीतला एक जण गेला. माझ्यासोबत शाळेत होता, कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. कर्ज हातउसनं होतं, बँकेचं नाही, परवाना असलेल्या सावकाराचंही नाही, म्हणून मदतीचं प्रकरण अपात्र. तक्त्यात तो शेतकऱ्यांच्या रकान्यात धरला की शेतमजुरांच्या, की नुसताच इतर, हे तक्त्यावरून कळत नाही. तक्ता त्यासाठी नसतो.

त्याची आई अधूनमधून येते. कागद चाळणारा म्हणून गावात माझी ख्याती आहे. त्याही दिवशी आली, पोत्याची खोळ डोक्यावर, दारातच पाय धुतले.

"बापू, आपल्या त्या कागदाचं काय झालं गा?"

"पाहतो, काकू," मी म्हटलं.