अंगाला येईल ते

वजन वाढले की माणूस आधी कपड्यांवर संशय घेतो. ब्लाउज धुऊन आटला असेल, शिवणाऱ्या ताईंनी घाईत कापला असेल, अशा शंका काढून झाल्या की मग आरशाकडे पाहावे लागते. पन्नाशीच्या सुमारास थायरॉइडचे निमित्त झाले आणि माझ्या कपाटातले बरेचसे कपडे मला येईनासे झाले. अशा वेळी घरोघरी जे होते तेच माझ्याकडेही सुरू झाले होते. चांगले कपडे ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून घडी करून वरच्या फळीवर जातात आणि खाली उरलेल्या दोन-तीन ढगळ कपड्यांवर बाई वर्षानुवर्षे दिवस काढते. मला ही वाट पाहणे पटत नाही. आज जे अंग आहे त्याला येतील असे कपडे आधी करावेत. कमी व्हायचे असेल तर ते सावकाश होईल.

खानदेशात तर दुसरा इलाजही नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दंडात रुतणारी बाही आणि काखेत ओढणारा मुंढा यांनी जे घामोळे उठते त्यापुढे ‘सध्या चालवून घेऊ’ हा विचार टिकत नाही. म्हणून नव्या खरेदीची सुरुवात मी आतून केली. आतले कपडे आणि परकर मापाचे असले की वरचे काहीही निम्मे बरे बसते. परकर सुती, रुंद नेफ्याचा आणि नाडीचाच घेतला, कारण नाडी सकाळी एका ठिकाणी बांधता येते आणि जेवणानंतर दुसऱ्या.

साडीचे मात्र कौतुक वाटते. साडेपाच मीटर कापडाला कमरेच्या मापाशी काही देणेघेणे नसते. फरक पडतो तो निऱ्यांत. पूर्वी सात यायच्या तिथे आता पाच येतात आणि पदर थोडा आखूड घ्यावा लागतो, इतकेच. सगळी अडचण ब्लाउजची. जुन्या ब्लाउजांत शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली असते, म्हणून मी ते आधी उसवायला दिले. एकेका बाजूला इंचभर कापड सुटले, पण ते बाहेर आल्यावर निराळेच चित्र दिसले. वरचा डाळिंबी रंग उन्हाने आणि धुण्याने विटलेला, आणि काखेखाली मूळ गडद डाळिंबी रंगाची उभी पट्टी, तिच्या कडेने जुन्या टिपेची बारीक भोके ओळीने उघडी. सुती कापडावर ती भोके दोन धुण्यांत बुजतात. रेशमावर बुजत नाहीत. तेव्हा सुती ब्लाउज वाचले आणि रेशमी बहुतेक बाद झाले.

नवे ब्लाउज शिवायला टाकताना सुती कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच दिले. अस्तर तसेच शिवले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. ताईंनी छाती, कंबर, दंडघेर, मुंढा असे सगळे माप पुन्हा घेतले आणि वहीत जुन्या आकड्यांवर काट मारून शेजारी नवे लिहिले, एका शब्दानेही काही न बोलता. चांगल्या शिंपिणीचा हा गुण टाक्यांच्या सफाईइतकाच महत्त्वाचा मानावा.

तयार कुर्त्यांसाठी जळगावच्या फुले मार्केटमध्ये गेले, तेव्हा एका दुकानातला ‘एक्सएल’ खांद्यात लोंबत होता आणि शेजारच्या दुकानातला ‘डबल एक्सएल’ डोक्यातून खाली उतरेना. दुकानदार म्हणाला, “मावशी, घालून-घालून सैल होतो.” वास्तविक चिठ्ठीवरच्या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, कारण आपल्याकडची तयार मापे बऱ्याच अंशी परदेशी तक्त्यांवरून उचललेली आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय अंगाची मापे ठरवण्यासाठी २५,००० माणसांची त्रिमितीय यंत्रांनी मोजणी करण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यात दिल्ली, मुंबईसारखी सहा शहरे निवडली. केळी-कापसाच्या मुलखातल्या बायकांचे खांदे त्यांत कसे येणार, हा माझा आपला प्रश्न. तोवर टेप पिशवीत ठेवावी, घरातला नीट बसणारा एक कुर्ता मोजून त्याचे आकडे लिहून न्यावेत आणि चिठ्ठीकडे पाहूच नये. रंगही थोडेच घेतले. तीन कुर्ते असे, की कोणतीही सलवार आणि कोणतीही ओढणी कशावरही चालावी. सुरतेकडून येणाऱ्या स्वस्त, झुळझुळीत साड्या मोह पाडतात खऱ्या, पण त्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आपल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. त्या संध्याकाळच्या लग्नापुरत्याच बऱ्या.

लोकांच्या बोलण्याचे म्हणाल तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि “आते चांगली दिसस वं”, आता चांगली दिसतेस, असा अहिराणीत निर्वाळा दिला. त्यांच्या लेखी बाई भरली म्हणजे घरी सुखात आहे. शहरातून आलेल्या भाचीने मात्र न विचारता मला चालण्याचे ॲप दाखवले.

वरची फळी अखेर रिकामी केली. कुर्ते बहिणीच्या मुलींनी नेले आणि विरलेल्या साड्या गोधडीला दिल्या. ब्लाउजांना कोणी वाली नसतो. भांडेवालीसुद्धा त्यांना हात लावत नाही. म्हणून रेशमी ब्लाउजांच्या बाह्यांचे जरीचे काठ कापून घेतले आणि साध्या रंगाच्या नव्या ब्लाउजांना लावायला दिले. एका पैठणीचा काठ नव्या दंडघेराला चार बोटे कमी पडला, तेव्हा तो बाहीऐवजी पाठीच्या गळ्याला लावायचे ठरले आहे. लग्नसराईचे काम हातावेगळे झाल्याशिवाय तो ब्लाउज मिळणार नाही, असे ताईंनी आधीच बजावले आहे.