समुद्र वगळून

लहान मुलाच्या वाढदिवसाला जायचं म्हटलं की मला धास्ती असते ती भेट उघडण्याच्या क्षणाची. मुलाची धास्ती नाही. त्याला कागद टराटरा फाडायला मिळाला की तो खूश. धास्ती असते भोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची. खोका केवढा, हाताला जड लागतो का, वर काय छापलंय, हे सगळं डोळ्यांनीच मोजलं जातं. शेजारच्या खोक्यापेक्षा आपला वीतभर कमी भरला, की उगाच घसा खाकरावासा वाटतो.

या अडचणीतून सोडवणारा एक शब्द मला बऱ्याच वर्षांपूर्वी सापडला: ‘शैक्षणिक’. खोका लहान का असेना, त्यावर हा शब्द असला की मान खाली घालावी लागत नाही. “म्हटलं, खेळता खेळता काही शिकेल तरी,” एवढं पुटपुटलं की काम झालं. पुढं लक्षात आलं की भारीतल्या भारी खेळण्यांवरही हाच शब्द असतो. तिथं तो महागाईची बाजू घेतो, इथं स्वस्ताईची. दोन्ही पक्षांकडून साक्ष देणारा साक्षीदार म्हटल्यावर मला त्याचा संशयच यायला लागला.

संशयाला पुरावाही मिळाला. बटण दाबलं की अक्षर म्हणून दाखवणारं एक खेळणं मी दोन वर्षांच्या भाच्याला दिलं होतं. पदरमोड करून, हेही सांगते. पंधरा दिवसांनी गेले तर खेळणं गप्प. “सेल संपले वाटतं?” मी विचारलं. “संपले नाहीत हो, काढून ठेवलेत,” वहिनी शांतपणे म्हणाली. भाचा ते खेळणं उलटं करून फरशीवरून ढकलत होता आणि तोंडानं घुर्रर्र करत होता. एवढ्या अक्षरांतलं त्यानं एकच उचललं होतं, तेही त्या खेळण्याला म्हणता येत नव्हतं.

मग कधीतरी जॉन स्पिल्सबरीबद्दल वाचनात आलं. हा १७६०च्या दशकातला लंडनचा नकाशेवाला. त्यानं छापील नकाशे लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवले, देशांच्या सीमांवरून बारीक करवतीनं कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी म्हणून विकायला काढले. आज घराघरांत असलेल्या चित्रकोड्यांचा, म्हणजे जिगसॉ पझलचा, तो पूर्वज मानला जातो. पण मला आवडला तो त्यातला एक बारकावा. ज्यांना पूर्ण नकाशा परवडत नसे त्यांच्यासाठी त्याच्याकडे स्वस्त नकाशे होते, आणि त्यांत समुद्र नसे. जमिनीचे तुकडे घ्या, पाण्याचे पैसे वाचवा!

आधी हसू आलं. मग वाटलं, त्या स्वस्त नकाशात नुकसान नेमकं कुणाचं झालं असेल? समुद्र असला की नकाशाला चार सरळ कडा मिळतात, चार कोपरे मिळतात. कोडं जुळवणारं कुठलंही पोर आधी कोपरे शोधतं, मग कडा लावतं आणि आतलं आपोआप जमत जातं. समुद्र काढून घेतला की चौकटच गेली. उरला तो वेडावाकडा किनारा. इटलीचा बूट कुठं संपतो हे त्या पोराला बोटानं चाचपूनच कळलं असणार. मला तर वाटतं, भूगोल त्यालाच जास्त आला असेल.

तेव्हापासून दुकानात उभी राहिले की मी प्रत्येक खेळण्याला मनात विचारते, तुझ्यातला समुद्र कुठला? हा लुकलुकणारा दिवा? हा गाण्याचा आवाज? टीव्हीवरच्या कुणाचं तरी डोकं? की आतल्या मूठभर वस्तूसाठी बनवलेला हा सुटकेसएवढा खोका? बऱ्याचदा तर समुद्र काढल्यावर जमीनच उरत नाही. उरते तेव्हा ती फार साधी असते. चेंडू, मातीचा गोळा, भिंग, ओवायचे मोठे मणी, एकात एक बसणाऱ्या वाट्या.

या वाट्यांवर माझा विशेष जीव आहे. दीड वर्षाच्या एका मुलीला त्यांच्याशी झगडताना मी पाहिलं आहे. मोठी वाटी ती छोटीत घालू बघत होती. बसेना. फिरवून पाहिली. दाब दिला. छोटी वाटी उचलून तिच्या तळाकडे निरखून पाहिलं, जणू अडचण तिथं लपली आहे. मग दोन्ही एकमेकींवर आपटल्या आणि माझ्याकडे अशी बघितली की जसं काही वाट्या मीच बिघडवल्या. मला दाखवून द्यायचा अनावर मोह झाला. मी हात मांडीखाली दाबून बसले. मिनिटभरानं, बहुधा चुकूनच, छोटी वाटी मोठीत गेली. तिनं ती लगेच बाहेर काढली. परत घातली. परत काढली. मग किती वेळा, ते मी मोजलं नाही. या वाट्यांना चूक दाखवायला आवाज लागत नाही. चुकलं की त्या नुसत्या बसत नाहीत.

फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीत बालशिक्षणाचं काम मांडलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यानं बनवलेल्या साहित्याला तो खेळणी म्हणत नसे, ‘भेटी’ म्हणत असे. पहिली भेट काय, तर दोऱ्याला बांधलेले लोकरीचे मऊ चेंडू. तिसरी भेट म्हणजे ८ छोट्या लाकडी घनांचा मिळून झालेला एक घन. बस्स! फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाच्या आईनं १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात हे साहित्य पाहिलं आणि मुलासाठी आणलं. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांतून कधी गेलाच नाही, असं त्यानं पुढं लिहून ठेवलं. दुकानदार लोक हा किस्सा फार रंगवून सांगतात. ठोकळे दिले म्हणून मुलगा वास्तुविशारद होतो, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. तेच ठोकळे मिळालेली बाकीची मुलं पुढं काय झाली, याची नोंद कोण ठेवतो?

काटकसर करताना एका ठिकाणी मात्र मी हट्टी होते. खोक्यावर ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं असतं, त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. “आमचा दोनचाच आहे, पण मोठ्यांची खेळणी खेळतो,” असं कौतुकानं सांगणारे आईबाप भेटतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तो इशारा घशात अडकणाऱ्या तुकड्यांसाठी असतो. खेळणी तपासणारे लोक त्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा मावतो तो लहानग्यांच्या हाती द्यायचा नाही. मी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरते. ती जरा रुंद असते, म्हणजे माझी परीक्षा आणखी कडक. आणि बटणासारखे चपटे सेल! गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतो. त्याचं झाकण स्क्रूनं बंद नसेल तर ते खेळणं फुकट मिळालं तरी नको. सुटून येणाऱ्या ताकदवान लोहचुंबकांचंही तेच.

वापरलेली खेळणी द्यायला मला लाज वाटत नाही. लाकूड पुसता येतं, प्लास्टिक धुता येतं. फक्त तुकडे मोजून घ्यावेत.

गेल्या खेपेला मी साधे लाकडी ठोकळे दिले. बिनरंगाचे. दोन छोटे लावले की एक मधला, दोन मधले लावले की एक मोठा, एवढाच काय तो त्यांच्यातला हिशेब. खोकाही नव्हता; जुन्या पडद्याची पिशवी शिवून त्यात भरले होते. चार वर्षांच्या उत्सवमूर्तीनं पिशवी उलटी केली, खडखडाट झाला, तो तिला आवडला आणि ती पुढच्या भेटीकडे वळली. तिच्या आजीनं एक ठोकळा उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. “रंग द्यायचा राहिला का गं याला?” मी म्हटलं, “नाही, असेच असतात.” घसा खाकरला.

दोन-तीन महिन्यांनी सहज त्यांच्याकडे गेले. खोलीच्या मधोमध सतरंजी, तिच्या कडेकडेनं ठोकळ्यांची नागमोडी रांग आणि आत ती एकटी बसलेली. एका कोपऱ्यात दोन ठोकळे आडवे टाकून तिनं काहीतरी उघडं ठेवलं होतं, दार असावं. तिच्याजवळ बसावं म्हणून मी फरशीवरून पुढं झाले, तशी ती किंचाळली.

“मावशी, थांब! तिथं सगळं पाणी आहे!”

मी साडी घोट्याच्या वर धरली आणि बोट कुठून सुटते ते विचारलं.