ब्राऊन एलचा घोट आणि कुंद्यावर वाढलेली जीभ

ब्राऊन एल पारखताना बेळगावच्या माणसाला एक मोठी सोय असते आणि त्या सोयीतच धोकाही दडलेला असतो, कारण त्याची जीभ कुंद्यावर वाढलेली असते. कुंद्यासाठी दूध आणि साखर मंद आचेवर आटवताना दुधातली प्रथिने आणि शर्करा एकमेकांशी मिळून जो तपकिरी रंग आणि जो खमंगपणा येतो, त्यामागे मायार अभिक्रिया असते. जवाला मोड आणून तो भट्टीत वाळवताना आणि भाजताना हीच अभिक्रिया घडते, आणि ब्राऊन एलची बहुतेक सगळी चव त्या भाजण्यातून आलेली असते. म्हणून ही बिअर आपल्याकडच्या माणसाला पहिल्याच घोटाला ओळखीची वाटते. मात्र चव ओळखीची आहे एवढ्यावरून बिअर चांगली ठरत नाही, आणि गोडाला चटकन भुलणाऱ्या जिभेने गुण देताना हात थोडा आखडता घेतलेला बरा.

आधी प्रकाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. एल म्हणजे तुलनेने उबदार तापमानाला, साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला आंबवलेली बिअर, आणि त्या उबेमुळे यीस्टकडून तिच्यात थोडा फळांचा सुगंधही येतो. आपल्याकडच्या बारमध्ये जी फिकट पिवळी बिअर सर्रास मिळते ती लागर, आणि ती यापेक्षा बऱ्याच थंडाव्यात आंबवतात. ब्राऊन एल हे मूळचे इंग्लंडचे पेय. उत्तरेकडे ती कोरडी आणि थोडी कडक असे, तर लंडनकडे गोड आणि सौम्य. न्यूकॅसल ब्राऊन एल 1927 मध्ये बाजारात आली आणि उत्तरेकडच्या घडणीची ओळख तिने जगभर पोहोचवली. पुढे अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी याच प्रकारात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, हात सैल सोडला. 1986 मध्ये आलेली पीट्स विकेड एल हे त्याचे गाजलेले उदाहरण. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था 2021 च्या मार्गदर्शिकेत ब्रिटिश ब्राऊन एलसाठी 4.2 ते 5.9 टक्के मद्यार्क आणि 20 ते 30 आयबीयू (कडवटपणा मोजायचे एकक) एवढा कडवटपणा सांगते. हा कडवटपणा माफकच आहे, पण तो अजिबात नसला तर बिअरचे सरबत होते.

गेल्या हिवाळ्यात टिळकवाडीतल्या एका मित्राच्या गच्चीवर बंगळूरच्या एका लहान ब्रुअरीची बाटली आम्ही उघडली. ब्रुअरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे चार कडू शब्दही येणार आहेत. बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटे तशीच ठेवली होती. यावर मित्राची कुरकुर झाली, कारण बाटलीला घाम फुटल्याशिवाय बिअर प्यायची नसते असा आपल्याकडचा दंडक आहे. पण चार अंशांच्या बिअरमध्ये भाजलेल्या धान्याचा वास बंदिस्तच राहतो. ब्राऊन एलला दहा ते तेरा अंश मानवतात. खाण्यासाठी समोर मसाला शेंगदाणे आणि संकेश्वरी मिरचीची चटणी होती, ती दोन्ही मी बाजूला सरकवली. घोटांच्या मध्ये जीभ स्वच्छ करायला साधे पाणी आणि कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पुरतो.

ग्लास तिरपा धरून अर्धा भरला आणि मग सरळ करून उरलेली बिअर मधोमध ओतली, तेव्हा दोन बोटे फिकट बदामी फेस आला. टेबलावर ग्लास काळपट दिसत होता. मोबाईलच्या उजेडासमोर धरल्यावर मात्र कडेला तांबूस, तांब्याच्या जुन्या घागरीचा रंग उमटला आणि पलीकडचा उजेड आरपार आला. ब्राऊन एलमध्ये हे दिसायलाच हवे; उजेड पूर्णपणे अडला असता तर आपण पोर्टर या अधिक काळ्या बिअरच्या हद्दीत शिरलो आहोत असे मी समजलो असतो. फेस हळूहळू बसला आणि ग्लासाच्या आतल्या काठाला त्याची जाळी राहिली. या सगळ्या देखणेपणाला बीजेसीपीच्या तक्त्यात 50 पैकी अवघे 3 गुण आहेत, आणि ते मला रास्त वाटते, कारण रंग तर कॅरॅमलचा रंग घालूनही आणता येतो.

वासाला 12 गुण असतात, आणि इथे घाई करू नये. ग्लासावर तळहात ठेवून बिअर थोडी फिरवावी, हात काढावा आणि नाक आत घालून दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच थकते. पहिल्या श्वासात पावाचा भाजलेला कडा आणि भाजक्या शेंगदाण्याची साल जाणवली. त्यामागे किंचित सुक्या अंजिराचा वास होता, तो यीस्टचा. हॉप्स मातकट आणि दबलेले होते, त्यावरून ही बिअर इंग्लिश घडणीची आहे असे ठरवून मी पुढे गेलो. लेबलावर नुसते ब्राऊन एल लिहिलेले असले की परीक्षकाला हा निवाडा आधी करावा लागतो, नाहीतर अमेरिकन घडणीच्या मापाने इंग्लिश बिअरवर अन्याय होतो.

ग्लास कोमट होऊ लागला तसा एक निराळा वास वर आला. मित्र खूश झाला. ‘अरे, ही तर कुंद्याची खरवड लागते की!’ असे म्हणून त्याने दुसरा घोट घेतला. मला मात्र तिथेच शंका आली. बिअरमध्ये लोण्याचा वास येतो तो डायअसिटिल नावाच्या पदार्थाचा. आंबवण सुरू असताना यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकते, त्याचे पुढे डायअसिटिल होते, आणि आंबवण संपत आल्यावर बिअर दोन-तीन दिवस उबदार राहू दिली तर तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेते. टाकी रिकामी करण्याच्या घाईत बिअर लवकर थंड केली की यीस्ट तळाशी बसते आणि लोणी बिअरमध्येच राहते. सावध ब्रुअर थंड करण्याआधी थोडी बिअर साठ अंशांपर्यंत गरम करून, मग निववून हुंगतो. पूर्वद्रव्य शिल्लक असेल तर ते तिथेच उघडे पडते.

आपल्या जिभेचा धोका नेमका इथे आहे. माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, टॉफीसारखा वास आणि डायअसिटिलचा लोण्यासारखा वास हे दोन्ही दुधाच्या मिठाईच्या आठवणीत एकत्र मिसळलेले असतात, त्यामुळे दोष हाच गुण वाटतो. ते वेगळे काढायचे असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. माल्टच्या वासात कुठेतरी जळलेल्या साखरेची धार असते, भाजल्याची खूण असते. डायअसिटिलला भाजलेपण नसते, ते नुसते तुपकट असते. दुसरे म्हणजे घोट गिळल्यावर जीभ टाळूवर फिरवून पाहावी. तिथे बुळबुळीत थर जाणवला तर शंका खरी समजावी. आमच्या ग्लासात तो थर पातळ होता, पण होता.

चवीचे 20 गुण मी सुरुवातीच्या गोडव्यावर कधीच देत नाही. पहिल्या घोटात कुठलीही ब्राऊन एल लाघवी लागते. खरी परीक्षा गिळल्यानंतर काही क्षणांनी होते. गोडवा ओसरून मागे कोरडा, किंचित कडवट शेवट उरला तर पुढचा घोट आपोआप घेतला जातो. या बिअरचा मधला भाग सुरेख होता, शेंगदाणा आणि टॉफी यांचा तोल छान होता आणि कोकोची एक बारीक रेघही होती. शेवट मात्र रेंगाळला, आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत घशाशी गोडाची साय धरल्याचे जाणवू लागले. भाजलेला माल्ट जास्त झाला असता तर उलट करपट तुरटपणा आला असता. ती चूक इथे नव्हती. मी वासाला 7, रूपाला 3, चवीला 12, तोंडातल्या जडपणा-फसफशीला 5 पैकी 3 आणि एकूण परिणामाला 10 पैकी 6 असे 31 गुण दिले. बीजेसीपीच्या पट्टीवर 30 ते 37 म्हणजे उत्तम, किरकोळ दोषांसह. मित्राने 40 दिले आणि माझ्या कंजूषपणावर बराच वेळ तोंडसुख घेतले.

याच बिअरची दुसरी बाटली उन्हाळ्यात शहरातल्याच एका दुकानातून घेतली. दुकान पश्चिमेच्या उन्हात होते आणि बाटल्या फ्रिजबाहेर फळीवर होत्या. तपकिरी काच उजेडाला बरीचशी अडवते, उष्णतेला मात्र तिचा इलाज चालत नाही, आणि बाटलीत राहिलेल्या थोड्याशा प्राणवायूचे काम उकाड्यात झपाट्याने होते. झाकण उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, शेंगदाणा नाहीसा झाला होता आणि टॉफीच्या जागी शिळ्या मधाची चव होती. लेबलावरची तारीख पाहिली, तर मुदत संपायला अजून अवकाश होता. त्या बाटलीला मी 19 गुण दिले, पण ते ब्रुअरीच्या खात्यात मांडले नाहीत.