मिंट आलं, वहिनींच्या पत्रिका जागेवरच

काल रात्री घरच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम) बसलं आणि विंडोज १० ला धक्काही लागला नाही. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, घरात एकच लॅपटॉप. त्यावर बाबांचा कापूस-तुरीचा हिशेब, वहिनींच्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) लग्नपत्रिका आणि उरलेल्या वेळात मी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला आमचा प्रोसेसर चालत नाही. पण श्रीलिपी विंडोजवरचीच, ती कशी सोडायची? वहिनींनी आधीच बजावलं होतं, "भाऊजी, माह्या पत्रिका गेल्या त पाहा मंग!" म्हणून सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला, आणि त्यातल्या चार पत्रिका उघडूनही पाहिल्या.

पहिली रात्र डाउनलोडातच गेली. रेंज फक्त गच्चीवर. मिंटची जवळपास तीन जीबीची फाइल उतरली, पण चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा आकडा) जुळला नाही. पुन्हा उतरवली, मग जुळला. कंटाळा आला तरी ही पायरी गाळू नका, मंडळी.

खरा घोळ मिंटसाठी डिस्कवर वेगळी जागा काढताना झाला. डिस्क ४६५ जीबीची, २१० रिकामी, तरी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ३८ जीबीच्या वर सोडायला तयार नाही. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आणि हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवते ती) डिस्कच्या मध्येच ठाण मांडून असतात, चालू विंडोजला त्या सरकवता येत नाहीत. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट मारला. आता १२० मिळत होते, मी ८० घेतले. हायबरनेशनबरोबर फास्ट स्टार्टअप (विंडोज झटपट सुरू व्हायची सोय) हेही गेलं हे फार बरं झालं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि लिनक्सला त्याचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आमच्याकडे बंदच होतं. तुमच्याकडे चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी वहीत उतरवा.

इन्स्टॉलच्या वेळी धास्ती विजेची. आमची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं तग धरते, आणि पार्टिशन लिहिताना लाइन गेली तर सगळंच मुसळ केरात. शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवर बसून काम उरकलं. जागा स्वतः ठरवायचा 'समथिंग एल्स' पर्याय निवडला, ८० जीबीवर ईएक्सटी४ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) केलं. जुनं ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग) तेच वापरलं, त्यापुढची फॉरमॅटची खूण रिकामी आहे ना, हे तीनदा पाहिलं.

ग्रबच्या (सुरू होताना कोणती सिस्टम उघडायची ते विचारणारा प्रोग्रॅम) यादीत मिंट आणि विंडोज दोन्ही नावं दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सकाळी बाबांनी विंडोज उघडलं. "घड्याळ मागं काऊन हाय?" बरोबर साडेपाच तास मागे! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं, म्हणजे मिंटही तिथे स्थानिक वेळच ठेवतं. झालं.

विंडोजचे अपडेट थांबलेत, म्हणून आता नेट फक्त मिंटमध्ये. विंडोजचं वायफाय बंद करून ठेवलंय, तिथे वहिनी आणि त्यांची श्रीलिपी. पुढच्या आठवड्यात मिंटवर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण) कळफलक लावून बाबांच्या हिशेबाची मराठी वही सुरू करतो.