माटोळीच्या बाजारातली किल्ली

औषधांच्या फ्रिजची किल्ली माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या आराशीच्या बाजारात होती. म्हणजे फार्मासिस्टच्या खिशात, आणि फार्मासिस्ट बाजारात मावळिंगं निवडत होता. चवथ चार दिवसांवर आलेली, तेव्हा गोव्यात त्याला दोष देण्याची हिंमत कोण करणार? मीही केली नाही. पण माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालू होतं आणि त्यावर अकरा मिनिटं होऊन गेली होती.

मी चौतीस वर्षं प्रसूती विभागात नर्स होते. निवृत्तीनंतर महिन्यातले चार-पाच दिवस लहान आरोग्य केंद्रांत जाते आणि तिथल्या नर्सेसकडून सराव करून घेते. व्याख्यान देत नाही. व्याख्यानं त्यांनी पुष्कळ ऐकलीत, प्रत्येकीकडे प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आहे. हे केंद्र उत्तर गोव्यातलं, घाटाच्या अंगाचं. नाव सांगत नाही, कारण तिथे जे दिसलं ते मी आणखी तीन ठिकाणी पाहिलं आहे.

त्या दिवशीचा सराव बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा होता. रक्त म्हणून मी घरचं कोकमाचं आगळ घेऊन जाते. पाणी घालून पातळ केलं की रंग अगदी जमतो, फक्त खोलीभर आंबूस वास सुटतो. सकाळी लेबर रूममध्ये एका चादरीवर, थोड्या गॉजवर आणि थोडं फरशीवर असं मोजून ८०० मिलिलिटर ओतलं आणि चौघींना विचारलं, किती गेलं? एक म्हणाली अडीचशे, दुसरी तीनशे, तिसरी फार तर चारशे. डोळ्यांनी रक्त नेहमी कमीच दिसतं. कापूस पितो, चादर पिते, उरलेलं टेबलाखाली जातं. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की धोका धरायचा हे चौघींना पाठ होतं, पण पाचशे दिसतं कसं ते माहीत नव्हतं.

चौथी सगळ्यांत धाकटी, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. ती म्हणाली, ''असं नाही सांगता येणार सिस्टर. वजन करू?'' आणि बाळाचा काटा ओढून तिने ओली चादर त्यावर टाकली. कोरी चादर आधी वजा केली. माझ्या इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी करून दाखवलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर, हे आम्ही पुस्तकात वाचतो आणि पुस्तकातच ठेवतो.

मग मी ओरडले, ''वार पडली, रक्त थांबत नाही, गर्भपिशवी मऊ लागते!'' आणि घड्याळ सुरू केलं. पोट चोळायला एक धावली, दुसरीने सलाइनची बाटली काढली. इथवर छान. ऑक्सिटोसिन? ते गर्भपिशवी आवळून रक्त थांबवणारं, २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं औषध, म्हणून फार्मसीच्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिजला कुलूप. मागे एकदा साठा कमी भरला होता, तेव्हापासून. शिवाय थोरली नर्स मला हळूच म्हणाली, ''किल्ली असती तरी डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय दुसरा डोस कसा देणार? उद्या आमच्यावर येईल.'' डॉक्टरबाई शाळेच्या तपासणीला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन रेंजच्या बाहेर होता.

तेराव्या मिनिटाला मी घड्याळ बंद केलं. कोणी काही बोललं नाही. खाली फरशीवर कोकम पसरलेलं.

या मुली अडाणी नाहीत, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्यांच्या जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेतला शेवटचा 'एम' मिडवायफरीचा, म्हणजे सुईणपणाचा आहे. नोंदणी होते ती आरएन-आरएम अशी, म्हणजे परिचारिका आणि सुईण दोन्ही. यातलं दुसरं अर्धं कोणाच्या लक्षात राहत नाही, खुद्द त्यांच्याही नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुईण-सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेसना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं ठरलं. चांगलंच आहे. पण रात्रपाळीला एकच नर्स असते. कुत्रा चावलेला माणूस, तापाचं मूल आणि कळा देणारी बाई, तिघंही तिच्याकडेच येतात. पार्टोग्राफ, म्हणजे कळांचा आलेख, बाळंतपण चालू असताना दर अर्ध्या तासाने भरायचा असतो. मी फाइली उघडून पाहते तेव्हा सगळे ठिपके एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत काढलेले दिसतात. मी रागावत नाही. मीही तसेच भरलेत.

त्यात आता बाळंतपणंच कमी होत चाललीत. गोव्यात घरी बाळंत होणारी बाई शोधून सापडायची नाही, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझेरियनचं प्रमाण जवळपास ४० टक्के निघालं. कोणी खाजगीत जातं, कोणी थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. या केंद्रात महिन्याला चार-पाच बायका येतात. हाताची सवय टिकायची कशी?

बारा वाजता फार्मासिस्ट आला. स्कूटरला पुढे नारळ, मागे चिबूड, आणि तोंड फुगलेलं. ''खोट्या रक्तासाठी मला बोलावलं?'' म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. किल्ली त्याच्याकडे ठेवायला सांगणारे कोणी वेगळेच. तेवढ्यात डॉक्टरबाई परतल्या. मला वाटलं आता वाद होणार. त्यांनी माझं सगळं ऐकलं, घड्याळातला आकडा पाहिला आणि अर्ध्या पानावर लिहून दिलं: रक्तस्राव ५०० च्या वर गेल्यास कामावरच्या नर्सने फोनची वाट न पाहता अमुक अमुक करावं. खाली सही, तारीख, शिक्का. ऑक्सिटोसिनच्या सहा कुप्या बर्फाच्या डब्यात घालून लेबर रूममध्ये आणून ठेवल्या. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. एवढं काम आजवर का झालं नव्हतं, ते विचारायचं मी टाळलं.

मी जेवून निघणार होते. अडीचच्या सुमाराला रिक्षातून एक बाई आली, दुसरी खेप, गर्भपिशवीचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलेलं. सासू सोबत. सासूला बाहेर बसवायचा तिथे रिवाज होता. धाकटी म्हणाली, ''असू देत आत.'' म्हातारीने सुनेचा हात धरला आणि ''भियेनाका गो, भियेनाका'' असं जे सुरू केलं ते शेवटपर्यंत.

मुलगी झाली ३ वाजून ४२ मिनिटांनी. मिनिटाच्या आत मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन गेलं. वार आठ मिनिटांनी पडली, तपासली, पूर्ण होती. मी माझ्या पिशवीतून नमुन्याची एक मोजणीची पिशवी दिली होती. प्लास्टिकची, कमरेखाली अंथरायची, बाजूला आकडे छापलेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० इस्पितळांत अशा पिशवीने मोजून, आणि सगळे उपाय एकामागून एक न करता एकदम सुरू करून पाहिले. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला: गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. पिशवी महागाची नाही. नवं औषधही त्यात कुठलं नाही.

''सिस्टर, चारशे,'' धाकटी म्हणाली.

मी हात पाठीमागे धरून उभी होते. हे सोपं नसतं. १९९०च्या सुमाराला मी तिच्याच वयाची असताना एका इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांची वाट पाहत उभी राहिले होते. काय द्यायचं ते माहीत होतं, पण विचारल्याशिवाय द्यायचं नाही हेही माहीत होतं. ती बाई वाचली, तिची गर्भपिशवी मात्र काढावी लागली. वय होतं बावीस. म्हणून आता या मुलींच्या मध्ये मी हात घालत नाही. पण त्या दिवशी मी जरा जास्तच थांबले की काय, असं अजून वाटतं.

पाचशेवर रेघ गेली तशी तिने भिंतीवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि आवाज चढवला. थोरलीने पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळायला घेतली, तिसरीने सलाइनमधून ऑक्सिटोसिन सोडलं, लघवीची नळी घातली. रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू. धाकटी स्वतः कुठे फाटलंय का ते पाहत होती. डॉक्टरबाई धावत आल्या तेव्हा तीन उपाय सुरू झालेले होते. त्या म्हणाल्या, ''कोणी सांगितलं?'' क्षणभर सगळे गप्प. धाकटीने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. बाई आपल्याच सहीकडे बघून हसल्या आणि हातमोजे घालू लागल्या.

सातशेवर थांबलं. मधल्या त्या गडबडीत म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, ''आमची वैजीणय अशीच पोट चोळटाली.'' खरं आहे. वैजिणीचं, म्हणजे गावच्या सुईणीचं, सगळंच काही बरोबर नव्हतं. कळा चालू असताना वरून दाबायच्या, त्याने गर्भपिशवी फाटू शकते. पण वार पडल्यावर पोटावरचा हात काढायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं तरी ठाऊक होतं. आणि फोन करून विचारायला त्यांच्या वर कोणी नव्हतं.

१०८ बोलावून तिला बांबोळीला पाठवली, थांबलं होतं तरी. धाकटी गाडीत चढली. चवथीच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी घरी पोचल्या, असं मला फोनवर कळलं.

पुढच्या महिन्यात गेले तर लेबर रूमच्या कोपऱ्यात एक छोटा फ्रिज होता, कोणाच्या तरी घरचा जुना, दारावर फुलांचं स्टिकर. कुलूप नव्हतं. डब्यावर तारीख आणि कुप्यांची मोजणी, खाली फार्मासिस्टची रोजची सही. रात्रपाळीला दुसरी नर्स मात्र अजून मिळाली नव्हती. अर्ज वर गेलाय म्हणे.

निघताना धाकटी गेटपर्यंत आली. ''सिस्टर, आगळ उरलंय का? आळीपाळीने रात्रपाळी करणाऱ्या दोघी सरावाला कधी नसतातच. मी घेते त्यांचा.''

बाटलीत अर्धं होतं. घरी सोलकढी करायची म्हणून ठेवलं होतं मी. दिलं तिला.