मीठ घातलेल्या दह्यातील लांबट दंडाणू: नोंदवहीचा पुढचा टप्पा

घरच्या दह्यातील जिवाणूंची लांबी मोजण्याचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की, त्याची सविस्तर नोंद इतर सूक्ष्मदर्शकप्रेमींसमोर ठेवावी असे वाटते. प्रश्न साधा आहे. एरवी काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचा दंडाणू, म्हणजे दांडीच्या आकाराचा जिवाणू, परिस्थिती बिघडली की वीस-तीस मायक्रॉनांचा, कधी त्याहूनही लांब तंतू का होतो? या विषयावर वाचायला मिळते ते बहुतेक ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूबद्दल असते. जळगावात राहत्या घरी ई. कोलाय वाढवण्याचा उद्योग मी केलेला नाही आणि कोणी करूही नये. त्यामुळे विरजण, दूध आणि मीठ एवढ्यावरच माझी मदार आहे.

आधी मूळ कारण पाहू, कारण ते ध्यानात घेतल्याशिवाय काचपट्टीवर दिसणाऱ्या लांबट आकृत्यांचा अर्थ लागत नाही. लांबीने वाढणे आणि मधोमध विभागून दोन होणे ही जिवाणूची दोन वेगळी कामे आहेत, आणि ती पार पाडणारी प्रथिनांची जुळणीही बऱ्याच अंशी वेगळी आहे. विभागणीच्या वेळी एफटीएसझेड नावाचे प्रथिन पेशीच्या मध्यावर आतून एक कडे तयार करते, त्या कड्याभोवती इतर प्रथिने गोळा होतात आणि मग तेथे नवी आडवी पेशीभित्ती बांधली जाते. हे कडे बाय आणि लुटकेनहाउस या संशोधकांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. त्या प्रथिनाच्या नावाचा उगम मात्र त्याआधीचा आहे: ३० अंश सेल्सिअसला नीट विभागणारे, पण ४२ अंशांना नेले की विभागणी सोडून नुसते लांबत जाणारे ई. कोलायचे उत्परिवर्तित वाण १९६० च्या दशकात वेगळे करण्यात आले होते, आणि तापमानागणिक तंतुरूप होणे या गुणावरूनच त्या जनुकांना ‘एफटीएस’ हे नाव मिळाले. एकूण काय, तर कडे बनले नाही, किंवा बनूनही पुढचे बांधकाम अडले, तरी बाजूच्या भित्तीची वाढ चालूच राहते आणि दंडाणूचा तंतू होतो. तंतू होणे म्हणजे जास्त वाढणे नव्हे. वाढ नेहमीसारखीच असते, कधी कमीही असते, फक्त तोडणी थांबलेली असते.

ही तोडणी का थांबते, याची सर्वांत नीट उलगडलेली हकीकत डीएनएच्या इजेची आहे. अतिनील किरणांनी किंवा एखाद्या रसायनाने डीएनए दुखावला की, उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए हे प्रथिन जाऊन बसते. त्यामुळे एरवी कित्येक जनुकांना दाबून ठेवणारे लेक्सए हे प्रथिन स्वतःच तुटते, आणि दुरुस्तीची जनुके एकामागून एक चालू होतात. त्यांतच सुलए हेही असते. त्याचे काम एवढेच की, एफटीएसझेडला चिकटून त्याचे कडे होऊ द्यायचे नाही. अर्धवट दुरुस्त झालेल्या गुणसूत्रावर आडवी भित्ती उभी राहिली, तर दोन्ही अपत्यपेशी अपंग निपजतील. म्हणून तोवर थांबलेले बरे. दुरुस्ती उरकली की सुलए नव्याने तयार होणे बंद होते, उरलेले लॉन नावाचा प्रथिनभंजक पटापट संपवतो आणि विभागणी पुन्हा सुरू होते. या साऱ्या व्यवस्थेला एसओएस प्रतिसाद म्हणतात. मला यातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती सुलएचे अल्पायुष्य. अडसर घालणारे प्रथिनच टिकाऊ असते, तर इजा भरून आल्यावरही पेशी अडकूनच पडली असती.

प्रतिजैविकांमुळे येणारा लांबटपणा या जातीचा नाही, आणि दोन्ही एकाच मापाने मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ऑक्सफर्डच्या ए. डी. गार्डनर यांनी १९४० मध्येच नोंदवले होते की, पूर्ण मारक ठरणार नाही इतक्या पातळ पेनिसिलिनमध्ये दंडाणू लांबच लांब होतात. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे भित्ती बांधणाऱ्या प्रथिनांना जखडतात. त्यांतील सेफॅलेक्सिन आणि अ‍ॅझट्रिओनॅम ही औषधे ई. कोलायमध्ये मुख्यतः आडवी भित्ती बांधणाऱ्या पीबीपी३ या प्रथिनावर नेम धरतात. कडे जागेवर असते, पण गवंडीच बांधलेला असतो. येथे पेशीने काही ‘ठरवले’ असे म्हणण्यात अर्थ नाही. अर्थात सीमारेषा इतकी स्वच्छही नाही, कारण या औषधांचा मारा झाला की ई. कोलायमध्ये एसओएस प्रतिसादही जागा होतो, हे २००४ मध्ये दाखवण्यात आले आहे. घरात उरलेल्या कॅप्सूल फोडून हा प्रयोग करू नये, असे येथेच सांगून ठेवतो. जिवाणूंना अर्धवट औषधाची चटक लावण्याचे काम आपल्याकडे तसेही पुष्कळ चालते.

आता माझ्या काचपट्ट्यांकडे वळतो. एकाच विरजणातून दोन वाट्या लावायच्या, दूध एकाच भांड्यातले, उकळून कोमट केलेले. एका वाटीत काही घालायचे नाही, दुसरीत लिटरला सुमारे २५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवून घ्यायचे. मिठाचे दही उशिरा आणि सैलसर लागते. म्हणून नमुने घड्याळ पाहून न घेता पीएच पट्टीवर दोन्हींची आंबटाई सारखी दिसू लागली की घ्यायचे, नाहीतर म्हाताऱ्या दह्याची तुलना कोवळ्या दह्याशी होते. दही पाण्यात पातळ करून त्याचा थेंब काचपट्टीवर पसरतो, वाळला की ज्योतीवरून फिरवतो, झायलीन आणि मग स्पिरिटने स्निग्धांश काढतो आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जेन्शियन व्हायोलेटच्या पातळ द्रावणाने अर्धा मिनिट रंगवतो. स्निग्धांश नीट निघाला नाही तर काचपट्टीवर गोल पांढुरकी भोके दिसतात आणि अर्धे क्षेत्र वाया जाते.

साध्या दह्याच्या काचपट्टीवर फिक्या जांभळ्या केसिनच्या (दुधातील प्रथिनाच्या) पायघडीवर गडद गोलाणूंच्या, म्हणजे गोल जिवाणूंच्या, जोड्या व साखळ्या, आणि त्यांच्यामधून सरळ, आखूड दंडाणू दिसतात. नेत्रिकेतील मोजपट्टी मी प्रमाणित काचपट्टीवरून जुळवून घेतली आहे. तिच्यावर बहुतेक दंडाणू तीन ते सहा मायक्रॉनांत बसतात. मिठाच्या वाटीत गोलाणू होते तसेच दिसतात. दंडाणू मात्र संख्येने रोडावलेले आणि त्यांतले बरेच वीस मायक्रॉनांच्या पुढचे. एक तर दृष्टिक्षेत्राच्या निम्म्या रुंदीइतका, मधे हलकेच वळलेला, दोन्ही टोके बोथट, आणि जाडी मात्र टोकापासून टोकापर्यंत शेजारच्या आखूड दंडाणूइतकीच. जाडी न बदलणे हीच खूण मी सर्वांत विश्वासाची मानतो.

तरीही लांब दिसला म्हणजे तंतू, असे नाही. दह्यातील दंडाणू विभागल्यावर अनेकदा एकमेकांना चिकटूनच राहतात, आणि अशी साखळी उसाच्या कांड्यासारखी पेरापेराची असते. खऱ्या तंतूला पेरेच नसतात. पण दोन पेशींमधली आडवी भित्ती दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या ताकदीपलीकडची असते, कारण तेलात बुडवायच्या १०० पट भिंगानेही साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दिसते ती फक्त पेराजवळची चिमटी, म्हणजे आत दबलेली जागा, आणि विभागणी नुकतीच झाली असेल तर तीही नाही. मेथिलीन ब्लूने तर गोंधळ वाढतो: दह्यातील दंडाणू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस, याच्या अंगात त्या रंगाने गडद कण उठून दिसतात आणि ओळीने बसलेले ते कण पाहून माणूस पेरे मोजू लागतो. यावर उपाय म्हणून वाळलेला नमुना आधी टॅनिक आम्लाच्या द्रावणात ठेवून मग अतिशय पातळ जेन्शियन व्हायोलेटने रंगवण्याची जुनी पद्धत मी घेतली आहे. टॅनिक आम्लामुळे पेशीचा गाभा रंग घेत नाही, भित्ती घेते. आडव्या भित्ती असतील तर बारीक रेघांसारख्या उमटतात. मिठाच्या वाटीतील लांबट आकृत्यांपैकी पुष्कळशा या कसोटीवर साखळ्या ठरल्या, पण सगळ्या नाहीत. जे उरले ते सलग होते, आणि साध्या वाटीत तसे क्वचितच सापडले.

अनेकांनी सुचवल्यावरून उन्हाळ्याचीही बाजू तपासली, कारण वैशाखात येथे पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि एवढ्या तापात जिवाणू लांबणारच असा सर्वांचा अंदाज होता. तो फोल ठरला. बल्गॅरिकसला ४२ ते ४५ अंश हीच मानवणारी पातळी आहे. ज्या दुपारी आपण घराबाहेर पडत नाही, ती त्याच्या दृष्टीने ऐन सुगी असते. ताण ही परिस्थितीची नव्हे, तर परिस्थिती आणि तो विशिष्ट जिवाणू या दोघांची मिळून गोष्ट आहे. हिवाळ्यात तुलनाच जमत नाही, कारण थंडीत लागलेल्या दह्यात गोलाणूंचेच राज्य असते आणि मोजायला दंडाणू पुरेसे मिळत नाहीत.

याच दिवसांत कुरडयांसाठी घरोघर गहू भिजत पडलेले असतात, आणि ते आंबूस पाणी पाहून कोणाही सूक्ष्मदर्शकवाल्याचे हात शिवशिवतील. शेजारच्या मावशींनी वाटीभर पाणी दिले, वर अहिराणीत “काय करी ऱ्हायना भाऊ, पानीमा काय देखस?” असे विचारूनही घेतले. दिसायला ते पाणी फार श्रीमंत आहे. परंतु त्यात नाना जातींचे जिवाणू, पिष्टकण आणि बॅसिलस या दंडाणूंच्या लांब साखळ्या एकत्र नांदत असल्यामुळे लांब दिसलेली आकृती ताणाने लांबली की जन्मजातच तशी, हे सांगता येत नाही. ऑसिलेटोरियासारखे नीलहरित जिवाणू किंवा सांडपाण्यातील स्फिरोटिलस हे सुखाच्या दिवसांतही तंतूच असतात. त्यामुळे तंतुरूपावर काम करायचे तर एकच विरजण धरावे, कुरडयांचे पाणी नुसते पाहण्याच्या आनंदासाठी ठेवावे.

मिठाने दह्यातील दंडाणूंची विभागणी नेमकी कोणत्या वाटेने अडते, ते माझ्या भिंगातून कळण्यासारखे नाही, आणि ई. कोलायची सुलएची हकीकत उचलून येथे चिकटवणे गैर ठरेल. बॅसिलस सबटिलिसमध्येच तेच काम वायएनईए हे निराळे प्रथिन करते. पण लांब होण्याचा फायदा मात्र जातीपरत्वे फारसा बदलत नाही. गोल पेशीचे घनफळ आठपट झाले की तिच्या वाट्याला येणारे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने निम्म्यावर येते, म्हणजे अन्न आत घ्यायची कातडी तोकडी पडते. एक मायक्रॉन जाडीचा दंड मात्र कितीही लांबला तरी बाजूच्या पृष्ठफळाचे घनफळाशी प्रमाण चारास एक असेच राहते. जाड न होता लांब होणे हा म्हणूनच वाढीचा सर्वांत कमी तोट्याचा मार्ग आहे. शिवाय लांबी हे संरक्षणही असते: पाण्यातील कशाभी (चाबकासारख्या शेपटीने पोहणाऱ्या) आदिजीवांना आखूड जिवाणू गिळता येतात, लांब तंतू गिळणे अवघड जाते, आणि मूत्राशयाच्या संसर्गात तंतुरूप झालेले ई. कोलाय आपल्या पांढऱ्या पेशींच्या तावडीतून याच कारणाने निसटतात.

ताण सरल्यावर काय होते, हा भाग मला आता सर्वांत जास्त खुणावतो आहे. तंतूच्या आत गुणसूत्राच्या प्रती होत राहिलेल्या असू शकतात. म्हणजे एका तंतूत कित्येक पेशींचे भांडवल साठलेले असते. थंडी किंवा कोरडेपणा यांनी तंतू झालेले साल्मोनेला हे अन्नातून आजार पसरवणारे जिवाणू अनुकूल स्थितीत आले की थोड्या वेळात अनेक पेशींत विभागतात, आणि तपासणीच्या बशीवर मात्र एका तंतूची एकच वसाहत मोजली गेलेली असते. अन्न तपासणाऱ्यांना हा आकडा फसवा ठरतो, आणि फसवा तो कमी बाजूने, ही त्यातली वाईट गोष्ट. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकात वाढवलेल्या ई. कोलायच्या तंतूंच्या टोकांकडून आखूड, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी सुटून निघताना २०१५ मध्ये पाहण्यात आल्या आहेत.

मिठाच्या वाटीतील चिमूटभर दही मी बिनमिठाच्या ताज्या दुधात टाकून पाहिले, तेव्हा काही तासांनी घेतलेल्या काचपट्टीवर लांब आकृत्यांमध्ये चिमट्या दिसू लागल्या आणि पुढच्या विरजणात त्या जवळपास नाहीशा झाल्या. पण त्या तंतूंनीच विभागून आखूड रूप घेतले, की ते तसेच मागे पडून आखूड दंडाणूंनीच वाटी भरली, हे रंगवलेल्या, म्हणजे मेलेल्या नमुन्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी एकच जिवंत तंतू नजरेखाली धरावा लागेल. किराणा दुकानातील चायना ग्रास दह्याच्या गाळलेल्या निवळीत विरघळवून त्याची पातळ वडी काचपट्टीवर बसवायची, तिच्यावर मिठाच्या दह्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि ओल उडू नये म्हणून कडा मेण व व्हॅसलीनने बंद, अशी मांडणी तयार झाली आहे. या दिवसांत टेबलच चाळीस अंशांच्या आसपास असते, तेव्हा ऊबपेटीचा खर्च वाचतो. अडचण आहे ती तेलाच्या भिंगाने कव्हरस्लिप सरकण्याची, म्हणून तूर्त ४० पट भिंगावर आणि कंडेन्सरची झडप बरीच मिटवून पहिली चिमटी टोकाकडे पडते की मध्यावर, तेवढेच टिपायचे ठरवले आहे.